धुतलेली पायरी

छावणीच्या बाजारामागं पत्र्याच्या घरांची ओळ संपते आणि म्हशींचे गोठे सुरू होतात, तिथं मरीआईचं ठाणं आहे. माणसाच्या उंचीचं देऊळ, वर पत्र्याची पडवी, पुढं एक दगडी पायरी आणि पायरीपुढं मातीचं छोटं अंगण. ते अंगण रोज सकाळी सारवायचं काम द्वारकाबाईचं. कुणी तिला ते नेमून दिलेलं नव्हतं. सोयगावकडून लग्न होऊन ती इथं आली तेव्हा सासू सारवत होती, सासू थकली आणि शेणाचं घमेलं हिच्या हातात आलं. घरच्या म्हशी होत्या, त्यामुळे शेणाला तोटा नव्हता. पायरी धुवायची, अंगण सारवायचं, चार रेघांची रांगोळी काढायची, हळदकुंकू वाहायचं आणि मग दुधाची बरणी घेऊन रतीब घालायला निघायचं. आजारपण आणि बाळंतपणं सोडली तर यात खंड पडला नव्हता.

आखाड महिना मात्र तिला नकोसा व्हायचा. आखाडात मंगळवारी आणि शुक्रवारी लोक मरीआईला कोंबडं घेऊन येत. पायरीजवळच कापत, निवद दाखवत आणि मटण शिजवायला घरी पळत. मागचं सगळं दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईच्या वाट्याला.

"खायला घरी नेत्यात आन् पिसं देवीला ठिवून जात्यात," ती शेजारच्या आवडाबाईला म्हणायची. "देवी काय गादी भरणार हाय का?"

"तूच भर की," आवडाबाई म्हणायची. "नवऱ्याला उशी तरी व्हईल. तसाबी त्यो झोपलेलाच असतो."

द्वारकाबाईचा नवरा पुंजाराम झोपलेला नसे, पण बोलतही नसे. म्हशी राखायच्या आणि कशालाही "व्हय" म्हणायचं, एवढंच त्याचं बोलणं. घरात तिसरा माणूस होता बन्सी, तिच्या धाकट्या भावाचा, नानासाहेबांचा मुलगा. गावी शेतात त्याचं मन लागेना म्हणून भावानं त्याला बहिणीकडे पाठवलं होतं. तो लाकडाच्या वखारीत कामाला लागला. विशी नुकतीच ओलांडलेली, हाडानं रुंद, मनानं भाबडा, पण डोक्यानं तापट. म्हशींचा त्याला भारी लळा. वखारीतून आला की आधी गोठ्यात जायचा, मग घरात.

ही गोष्ट घडली तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं आणि आणीबाणी उठून थोडेच महिने झाले होते. आखाडातला बुधवार होता. द्वारकाबाई घमेलं घेऊन ठाण्याशी आली. पायरीवर रक्त होतं. पायरीखालच्या मातीतही मुरलं होतं. काल मंगळवार होता, त्यामुळे तिला नवल वाटलं नाही. ती पुटपुटत खाली बसली आणि पिसं गोळा करायला तिनं हात पुढं केला.

पिसं नव्हती.

तिचा हात तसाच थांबला. एखादं पीस पायरीच्या सांधीत अडकलेलं असतं, एखादं पत्र्याच्या खांबाला चिकटलेलं असतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं. काहीच नव्हतं. कुत्र्यानं नेली असतील, तिच्या मनात आलं. कुत्रं मुंडी नेतं, पिसं नेत नाही, हेही लगेच मनात आलं. पण उजाडत होतं, रतिबाला उशीर होत होता आणि देवीच्या दारात रक्त सुकत होतं. तिनं पायरीवर पाणी ओतलं, खराट्यानं घासली, माती उकरून शेणानं घट्ट सारवून घेतली, रांगोळी काढली. त्या दिवशी तर कमळ काढलं. हळदकुंकू वाहून हात जोडले आणि ती बरणी घेऊन निघाली.

दुपारी ती वैरण टाकत असताना ठाण्याशी माणसं जमलेली दिसली. एक फौजदार, एक हवालदार आणि बाजारातले दोघे जण पंच म्हणून उभे केलेले. फौजदार वाकून रांगोळीकडे बघत होता.

"हे कोणी सारवलं?" त्यानं विचारलं.

द्वारकाबाईला वाटलं, साहेबाला कमळ आवडलं. तिनं पदर सारखा केला आणि पुढं होऊन म्हणाली, "म्या. रोज मीच सारवते. कुनाला हात लावू देत नाय."

फौजदार सरळ उभा राहिला. "रक्त होतं का इथं?"

"व्हतं की. चांगलं घासून काढलं."

हवालदारानं कपाळावर हात मारला. "क्या अम्मा, तुमने तो पूरा केसच धो डाला!"

मग तिला कळलं. बन्सीबरोबर वखारीत काम करणारा सांडू आदल्या संध्याकाळी घरी जाऊन कोसळला होता. डोकं फुटलेलं. आता तो घाटीच्या दवाखान्यात होता आणि शुद्धीवर येऊन त्यानं जबानी दिली होती की मरीआईच्या पायरीजवळ बन्सीनं त्याच्या डोक्यात लाकूड घातलं. कारण असं की, वखारीतला भुसा बन्सी परस्पर विकतो असं सांडूनं मालकाला सांगितलं होतं आणि मालकानं बन्सीला कामावरून काढलं होतं. बन्सीला सकाळीच बाजारातून उचललं होतं.

"आरोपी तुमचा कोण?" फौजदारानं विचारलं.

"भाचा," ती म्हणाली. तोंडातून शब्द गेल्यावर तिला फौजदाराची नजर दिसली.

पंचांसमोर सारवणाचा थर खरवडून पुडीत बांधला, पुडीवर लाख लावली, पंचांच्या सह्या घेतल्या. जाताना हवालदार सांगून गेला, "उद्या चौकीवर या. जबाब घ्यायचाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं व्यंकटराव वकिलांच्या घरी दूध मापताना अर्धं दूध पातेल्याबाहेर सांडलं. व्यंकटराव निजामाच्या राज्यात उर्दूतून वकिली शिकलेले. डोळे अधू झाल्यावर त्यांनी काळा कोट खुंटीला लावला होता, पण बोलण्यातून पेशी, मुलजीम आणि गवाह गेले नव्हते. त्यांच्या बायकोनं, अंबिकाबाईंनी, पातेलं बाजूला केलं आणि द्वारकाबाईला पाटावर बसवलं.

"दूध बघा किती सांडलं. काय झालं?"

तिनं सगळं सांगितलं. पिसांचं सोडून सगळं.

व्यंकटराव आतल्या खोलीतून ऐकत होते. काठी टेकत बाहेर आले. "पहिली गोष्ट. चौकीवर जायचं नाही."

"आन् त्यांनी धरून नेलं तर?"

"तुम्ही गवाह आहात, मुलजीम नाही. मुलजीम बन्सी. साक्षीदार बाईमाणसाचा जबाब पोलिसांनी तिच्या घरी येऊन घ्यायचा, असा कायदाच आहे. चौकीवर बोलवता येत नाही. तसं सांगा, आणि मी सांगितलं म्हणून सांगा. जबाबावर सही मागतील, ती करायची नाही. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नसतात. जे काही सांगायचं ते पुढं कोर्टात शपथ घेऊन, हलफेवर."

"आन् बन्सीचं?"

"त्याला चोवीस तासांत न्यायाधीशापुढं उभं करावं लागतं. करतील. आता सगळं त्या सांडूच्या डोक्यावर आहे. नुसतं कातडं फाटलं असेल तर ती साधी दुखापत, जमानत लगेच. पण डॉक्टरनं लिहिलं की हाड मोडलं, तर ती हत्यारानं केलेली जबर दुखापत होते. मग जमानत मिळणं न मिळणं न्यायाधीशाच्या मर्जीवर. आणि सांडूचं काही बरंवाईट झालं, तर..."

द्वारकाबाईनं डोळे मिटून मरीआईला सांडूच्या डोक्यासाठी नवस केला. बन्सीच्या आधी सांडूसाठी नवस करावा लागला, याचं तिला हसूही आलं नाही, रडूही आलं नाही.

"वकीलसाहेब, आन् माझं? म्या धुतलं त्याचं?"

व्यंकटराव म्हणाले, "गुन्ह्याचा पुरावा नाहीसा करणं हाही गुन्हा आहे. दोनशे एक कलम. पण त्यात दोन गोष्टी लागतात. गुन्हा घडलाय हे माणसाला माहीत पाहिजे, निदान तसं वाटायला कारण पाहिजे. आणि गुन्हेगाराला वाचवायचा हेतू पाहिजे. तुम्ही कोंबड्याचं रक्त समजून धुतलं. तुम्हाला कुठं काय माहीत होतं? तुम्ही कशाला घाबरता?"

माहीत पाहिजे, निदान वाटायला कारण पाहिजे. हे शब्द तिच्या पदराला गोखरू चिकटावेत तसे चिकटले. रतीब घालता घालता प्रत्येक दारात ती तेच मनात घोळवत होती. पिसं नव्हती. तिनं ते पाहिलं होतं. पाहून हात थांबला होता. ते कारण झालं का?

फौजदार दुपारी घरी आला. जबाब घेतला. आखाडात तिथं कोंबडं कापतात, त्याचंच रक्त असेल म्हणून धुतलं, असं ती म्हणाली. पिसांचं त्यानं विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

सांडूच्या डोक्याचं हाड चिरलं होतं. तो वाचला, पण कलम बदललं. बन्सीला आधी पोलीस कोठडी, मग हर्सूलचा तुरुंग आणि काही आठवड्यांनी जामीन मिळाला. जामिनाच्या अटीत लिहिलं होतं की आरोपीनं साक्षीदारांना भेटायचं नाही. द्वारकाबाई सरकारी साक्षीदार होती, म्हणून बन्सीला तिच्या घरी राहता येईना. नानासाहेब येऊन त्याला दारातूनच गावी घेऊन गेले. बन्सीनं वळून गोठ्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं नाही. त्याची बाज तशीच राहिली, तिच्यावर पुंजाराम वैरणीच्या पेंढ्या ठेवू लागला.

पुढं पोलिसांनी कागद पुरे करून कोर्टात दोषारोपपत्र दिलं. न्यायाधीशांनी बन्सीला आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, गुन्हा कबूल आहे का? तो म्हणाला, नाही. नाही म्हटलं की मग सरकारनं गुन्हा शाबीत करायचा. आरोपीनं आपण निर्दोष आहोत हे दाखवायचं नसतं. सरकारनं दाखवायचं असतं की तो दोषी आहे, आणि तेही शंकेला जागा न ठेवता. हे सगळं व्यंकटराव दूध घेताना सांगत. पुडीतल्या मातीचा तपासणी अहवालही आला होता. रक्त आहे, पण माणसाचं की जनावराचं हे ठरवता येत नाही. शेण, पाणी, घासाघीस यांत सगळं गेलं होतं.

तारखा पडत गेल्या. कधी सरकारी वकील नसे, कधी डॉक्टर नसे. प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी द्वारकाबाईला अन्न जात नसे आणि तारीख पुढं गेली की तिला सुटल्यासारखं आणि अडकल्यासारखं एकदमच वाटे. गल्लीतल्या बायकांनी तिचं नाव "गवाहवाली" ठेवलं होतं.

"गवाहवाली, आज कोर्टात काय साडी नेसणार?" आवडाबाई विचारायची. आधी द्वारकाबाई हसायची. मग तेही बंद झालं.

सारवताना तिला आता देवीकडे बघवत नसे. रांगोळी परत चार रेघांवर आली.

साक्षीची तारीख जवळ आली आणि नानासाहेब आले. हातपाय धुतले, चहा घेतला, म्हशींची चौकशी केली. मग पुंजारामला म्हणाले, "दाजी, जरा बैलबाजाराकडं चक्कर मारून येता का?"

"व्हय," म्हणून पुंजाराम उठून गेला.

"आक्का," नानासाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्या वकिलानं सांगितलंय. सगळी केस त्या पायरीवर उभी हाय. सांडू म्हणतो, तिथं मारलं. आपल्याला दाखवायचंय की तिथं तसलं काय झालंच नाय. दारू पिऊन कुठंबी पडला असंल. तिथलं रक्त कोंबड्याचं. म्हंजी केस पोकळ."

"मी तसंच सांगितलंय जबाबात."

"व्हय, पर तेवढ्यानं भागत नाय. ते इचारतील, कोंबड्याचंच कशावरून? तवा तू म्हनायचं, पिसं पडली व्हती."

द्वारकाबाईनं हातातला कप खाली ठेवला. वर्षभर जे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, नेमकं तेच भाऊ तिच्यापुढं मांडत होता, उलट करून.

"नाना, पिसं..."

"मला काय सांगू नगंस," नानासाहेब घाईनं म्हणाले. बहीण काय बोलणार हे त्यांना कळलं असावं. "दोन पिसं आक्का. दोन पिसं तर म्हनायचीत. कुनाचं घर जाळायचं नाय. पोराचं लगीन जमत आलंय. तुज्या अंगाखांद्यावर खेळलंय ते. आन् तुलाबी बरंच की. पिसं व्हती म्हटलं की तुज्यावरबी बालंट नाय. नायतर तेच म्हनतील, आत्यानं भाच्यासाठी रक्त पुसलं."

ते खरं होतं, म्हणूनच तिला जास्त भीती वाटली. खोटं बोलण्यात बन्सी सुटत होता, ती सुटत होती, भाऊ सुटत होता. सगळेच सुटत होते. अडत होतं ते फक्त एका ठिकाणी, आणि त्या ठिकाणाची पायरी ती रोज धूत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं व्यंकटरावांना विचारलं. आपलं म्हणून नाही, आवडाबाईच्या एका नातेवाइकाचं म्हणून.

"समजा, साक्षीदार कोर्टात थोडंसं खोटं बोलला तर?"

"हलफेवर थोडंसं खोटं नसतं," व्यंकटराव म्हणाले. "खोटी साक्ष हा वेगळा गुन्हा आहे. त्याला वेगळी शिक्षा आहे."

"आन् खरं सांगून तो स्वतःच अडकत असंल तर? मग गप बसायचं का?"

व्यंकटरावांनी अधू डोळे तिच्याकडे वळवले. अंबिकाबाईंनी दुधाचं पातेलं उचललं आणि त्या आत निघून गेल्या. आवडाबाईला औरंगाबादेत कुणी नातेवाईकच नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"प्रश्न कामाचा असेल तर साक्षीदाराला उत्तर द्यावंच लागतं," व्यंकटराव सावकाश म्हणाले. "पण त्यानं आधी न्यायाधीशाला सांगावं, साहेब, हे सांगून मी अडकतो. मग न्यायाधीशानं उत्तर द्यायला लावलं, तर त्या उत्तरावरून त्याच्यावर खटला भरता येत नाही. फक्त ते उत्तर खरं पाहिजे. कायद्यानं साक्षीदाराला एवढी सावली ठेवली आहे. सावली छोटी आहे, पण आहे."

"मग काय सांगायचं त्यानं?"

"ते मी सांगायचं नसतं, द्वारकाबाई. साक्ष पढवणं पाप आहे. एक मात्र सांगतो. आधी सरकारी वकील विचारील, ती सरतपासणी. तो तुमच्या तोंडात शब्द घालू शकत नाही. मग आरोपीचा वकील विचारील, ती उलटतपासणी. त्याला मुभा असते. तो सगळं आपणच बोलेल आणि शेवटी म्हणेल, बरोबर ना? तुम्हाला फक्त हो म्हणायचं उरतं. त्या 'हो'ला जपा."

आणि तुम्हाला भेटायला कुणी आलं होतं का, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बन्सीचा जामीनच धोक्यात आला असता.

साक्षीच्या दिवशी तिनं अंगण सारवलं, पण देवीपुढं काहीच मागितलं नाही. काय मागायचं तेच तिला ठरवता येईना. पुंजाराम बरोबर आला. कोर्टाच्या व्हरांड्यात नानासाहेब खांबाला टेकून उभे होते. बन्सी त्यांच्याजवळ उकिडवा बसला होता. वर्षभरात त्याचे खांदे उतरले होते. पलीकडच्या बाकावर सांडू बसला होता. त्याच्या कपाळापासून वर केसांत एक पांढरी चीर गेली होती, तिच्यावर केस उगवले नव्हते. द्वारकाबाईनं त्याला त्या दिवसानंतर पहिल्यांदाच पाहिलं. इतके दिवस तिच्या मनात पायरीवरचं रक्त होतं, ते कुणाचं होतं ते नव्हतं. सांडूनं तिला पाहून सवयीनं "राम राम, मावशी" म्हटलं, आणि तिला त्याला उलट राम राम म्हणता आलं नाही.

पट्टेवाल्यानं पुकारा केला. ती पिंजऱ्यात उभी राहिली. समोर दुसऱ्या पिंजऱ्यात बन्सी.

"ईश्वरसाक्ष खरं सांगेन, खोटं सांगणार नाही," कारकून म्हणाला. तिनं मागोमाग म्हटलं. ईश्वर म्हणताना तिच्या डोळ्यांपुढं शेंदूर लावलेले मरीआईचे दोन डोळे आले.

सरकारी वकिलानं नाव, गाव, धंदा विचारला. त्या सकाळी काय पाहिलं, काय केलं, विचारलं. तिनं सांगितलं. मग बन्सीचा वकील उठला. तो गोड बोलत होता.

"बाई, तुम्ही रोज देवीची सेवा करता."

"व्हय."

"आखाडात तिथं लोक कोंबडं कापतात, बरोबर?"

"बरोबर."

"तुम्ही रक्त धुता, पिसं गोळा करता, बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे तिथं रक्त असणं ही आखाडातली नेहमीची गोष्ट. त्या सकाळीसुद्धा रक्ताबरोबर तिथं कोंबड्याची पिसं पडलेली होती. बरोबर ना?"

एक "व्हय" म्हटलं की झालं. तिचा नवरा दिवसातून कितीदा म्हणतो. तिनं दाराकडे पाहिलं. नानासाहेबांनी मान खाली घातली होती. बन्सी मात्र वर बघत होता, तिच्याकडे. जन्मात पहिल्यांदा म्हैस विताना बघितली तेव्हा त्याचा चेहरा असाच झाला होता.

"बाई, उत्तर द्या," वकील म्हणाला.

ती न्यायाधीशांकडे वळली. "साहेब, हे सांगितलं तर मला धरतील का?"

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "प्रश्न या खटल्यासाठी महत्त्वाचा आहे, त्यामुळे तुम्हाला उत्तर द्यावंच लागेल. पण मी भाग पाडतो म्हणून तुम्ही जे सांगाल, त्यावरून तुमच्यावर खटला होणार नाही. खोटं सांगितलंत तर मात्र होईल. समजलं?"

"समजलं."

"मग सांगा. पिसं होती?"

"नव्हती," द्वारकाबाई म्हणाली. "एकबी पीस नव्हतं."

बन्सीच्या वकिलाचा गोडवा गेला. पोलिसांनी धाक घातला म्हणून तुम्ही असं सांगता, तुमचं आणि भावाचं शेतीवरून वाकडं आहे, असं तो विचारत राहिला आणि ती नाही, नाही म्हणत राहिली. तो बसल्यावर न्यायाधीशांनी स्वतः एक प्रश्न विचारला.

"पिसं नव्हती, तर तुम्हाला ते रक्त कोंबड्याचं का वाटलं?"

तिनं कठड्यावरच्या आपल्या बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडांत सकाळचं शेण होतं.

"वाटलं नाय, साहेब," ती म्हणाली. "वाटून घेतलं. देवीच्या दारात माणसाचं रक्त असंल, हे मनात येऊ द्यायचं नव्हतं. बन्सी काय सांडू काय, मला तवा कायबी म्हाईत नव्हतं. पर हात थांबला व्हता माझा. तरी म्या धुतलं."

न्यायाधीशांनी ते टंकलेखकाला सांगून उतरवून घेतलं, तिला वाचून दाखवलं. तिनं अंगठा न देता सही केली. शाळेत शिकलेली तेवढी तीन अक्षरं नीट येत होती, ती त्या दिवशी वाकडी आली.

नंतर डॉक्टरची साक्ष झाली. सगळा पुरावा संपल्यावर न्यायाधीशांनी बन्सीला समोर आलेली एक एक गोष्ट विचारली, तुमचं काय म्हणणं आहे? तो आरोपीचा हक्क असतो. बन्सी सगळ्याला "खोटं आहे" म्हणत होता. आत्याच्या साक्षीवर विचारलं तेव्हा मात्र तो म्हणाला, "आत्याबद्दल मला काय म्हनायचं नाय."

दोन्ही वकिलांची भाषणं झाली आणि निकालाची तारीख पडली. ते दिवस द्वारकाबाईला सगळ्यांत वाईट गेले. न्यायाधीशानं तोंडी सांगितलं, पण कागदावर काय लिहील? फौजदाराची जीप बाजारातून गेली तरी ती गोठ्यात जाऊन उभी राही. पुंजारामला ती म्हणाली, "अहो, मला नेलं तर म्हशींना सरकी वेळेवर घाला." तो व्हय म्हणाला नाही. "नाय नेत," म्हणाला. लग्नानंतर त्यानं तिला नाही म्हटल्याचं तिला हे पहिलंच आठवलं.

निकाल लागला. बन्सीनं जबर दुखापत केल्याचं शाबीत झालं. वय लहान, पहिलाच गुन्हा, म्हणून वर्षभराची सक्तमजुरी आणि दंड. व्यंकटरावांनी निकालाची नक्कल मागवून अंबिकाबाईंकडून मोठ्यानं वाचून घेतली. त्यात द्वारकाबाईवर एक परिच्छेद होता. जवळची नातेवाईक असूनही साक्षीदारानं स्वतःला आणि आरोपीला अडचणीचं ठरेल असं सांगितलं आहे, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. तिनं रोजच्या रिवाजाप्रमाणे जागा साफ केली, आरोपीला वाचवायचा हेतू दिसत नाही.

"सुटलात," अंबिकाबाई म्हणाल्या.

"मी सुटले," द्वारकाबाई म्हणाली, आणि पाटावर बसून राहिली.

नानासाहेबांनी सत्र न्यायालयात अपील केलं. शिक्षा थोडी कमी झाली, पण रद्द झाली नाही. त्या वर्षी भाऊबीजेला द्वारकाबाईनं पाट मांडला, रांगोळी काढली, ताटात सुपारी आणि निरांजन ठेवलं. निरांजनात दोनदा तूप घालावं लागलं. भाऊ आला नाही. शेवटी तिनं ते निरांजन उचलून मरीआईपुढं नेऊन ठेवलं.

हर्सूलला मुलाखतीचा दिवस असायचा. ती शेंगदाण्याचा लाडू घेऊन गेली तेव्हा पहिल्यांदा बन्सी बाहेरच आला नाही. दुसऱ्यांदा आला. जाळीपलीकडे उभा राहिला. शिपाई म्हणाला, वेळ संपत आली.

"आत्या," बन्सी जमिनीकडे बघत म्हणाला, "भुरी म्हैस गाभण राहिली का?"

"राहिली," ती म्हणाली. "पौषात वील."

"तिला ओल्यात बांधू नगंस. मागच्या वक्ताला तिची कास सुजली व्हती."

"नाय बांधत."

एवढंच बोलणं झालं. पण परतीच्या वाटेवर, दिल्ली दरवाजाशी उतरल्यावर तिला फार दिवसांनी भूक लागली आणि तिनं हातगाडीवरून भजी घेऊन खाल्ली.

पुढच्या आखाडात मंगळवार-शुक्रवारच्या दुसऱ्या सकाळी ती पहिल्यासारखीच ठाण्याशी येई. फक्त घमेलं खाली ठेवून आधी पायरीवर बसायची आणि उजाडायची वाट बघायची. आवडाबाई हसायची, "काय गं, देवी उठायची हाय का अजून?" पुरतं दिसायला लागलं की द्वारकाबाई वाकून पायरीची सांध बघायची, पत्र्याचा खांब बघायची, सगळीकडं ओली, रक्तानं चिकटलेली तांबडी पांढरी पिसं बघायची. मग तिचा जीव भांड्यात पडायचा. एकेक पीस वेचून बाजूला ठेवून झालं, की मगच ती पाण्याला हात लावायची.